दादा आणि ताई यांचा संसार

निवृत्त झालेल्या मराठी जोडप्यापुढे हल्ली दोनच वाटा असतात. एक न्यू जर्सी, दुसरी समाजसेवा. पहिलीला व्हिसा लागतो, दुसरीला गुडघे. न्यू जर्सीत सहा महिने राहायचं, नातवाला वरणभात भरवायचा, पोळ्या लाटून फ्रीजरमध्ये थप्प्या लावायच्या आणि शनिवारी जावयाला सवड झाली की कॉस्टको बघून यायचं. गाडी चालवता येत नाही, चालत जावं तर जायला ठिकाण नाही, म्हणून दिवसभर खिडकीतून शेजाऱ्याचं गवत वाढताना बघायचं. आम्ही ते करून आलो होतो. पुढे एका संस्थेच्या संमेलनात ‘वानप्रस्थी कार्यकर्ते हवेत’ अशी घोषणा झाली आणि सौ.ने हात वर केला. मी शेजारीच बसलेलो असल्यामुळे तो हात दोघांचा धरण्यात आला.

आमची नेमणूक झाली कर्जतजवळच्या एका ठाकुरवाडीत, म्हणजे ठाकूर आदिवासींच्या वस्तीत. डोंबिवलीहून कर्जत लोकलने तासाभराच्या अंतरावर. पण नातेवाइकांनी निरोप असा दिला की आम्ही काँगोच्या खोऱ्यात निघालो आहोत. मेहुण्याने मलेरियाच्या गोळ्या आणून दिल्या. वहिनींनी हळूच विचारलं, “तिकडे भाजी मिळते का हो?” पावसाळ्यात स्टेशनबाहेर फडकं पसरून बसलेल्या ज्या बाईशी वहिनी करटोल्यांच्या वाट्यावरून दहा मिनिटं घासाघीस करतात, ती बाई तिकडूनच पहिल्या गाडीने येते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आता कोणती ठाकुरवाडी ते विचारू नका, कारण तो प्रश्न इथे फार महागात पडतो. कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ‘ठाकुरवाडी’ म्हणजे नुसती पत्त्याची सुरुवात. खाली गाव, गावाच्या वर डोंगराला टेकून ठाकुरवाडी, ओढ्याच्या काठाला कातकरवाडी, अशी मांडणी ठिकठिकाणी सापडते. नुसतं ‘ठाकुरवाडी’ म्हणून टमटममध्ये बसलात तर टमटमवाला तुम्हाला कुठल्या तरी ठाकुरवाडीत प्रामाणिकपणे पोचवतो. शिवाय रेल्वेची एक ठाकुरवाडी आहे, ती भोर घाटात. 1863 साली हा घाट रेल्वेने चढला. पुण्याहून उतरणाऱ्या गाड्या ब्रेक तपासायला तिथे थांबतात. गाडी थांबते, पाटीवर नाव असतं, आणि उतरणारा कोणी नसतो. सेवेच्या क्षेत्रातही असे थांबे पुष्कळ आहेत.

न्यू जर्सीतल्या त्या खिडकीतून मला एक वयस्कर जोडपं दिसायचं. मॉर्मन पंथाचं होतं, आणि नुकतंच मिशनवरून परतलं होतं. त्यांच्यात हे रीतसर चालतं. मुलंबाळं मार्गी लागली की नवरा-बायको स्वखर्चाने सहा ते तेवीस महिने पंथ पाठवील तिथे जातात. कोणी घानात दवाखान्याचे हिशेब बघतं, कोणी फिलिपीन्समध्ये जुनी दप्तरं लावतं. तरुण मुलांना दारोदार फिरावं लागतं, ज्येष्ठांना त्यातून बरीच सूट. तरुणांची जोडी लावून देतात आणि त्यांनी एकमेकांच्या नजरेच्या व कानाच्या टप्प्याबाहेर जायचं नाही असा नियम आहे. ज्येष्ठ जोडप्याला जोडी लावून द्यावी लागत नाही; ती शिक्षा त्यांनी पूर्वीच पत्करलेली असते. मला गंमत वाटली ती त्यांच्या पदव्यांची. मिशनवर असताना नवरा ‘एल्डर’ आणि बायको ‘सिस्टर’. चार मुलांची आई चार मुलांच्या बापाशेजारी उभी आहे आणि लोक तिला सिस्टर म्हणतात! मी घरी येऊन सौ.ला हे सांगून पोट धरून हसलो.

वाडीत पहिल्या दिवशी संस्थेच्या कार्यकर्त्याने आमची ओळख करून दिली. “हे आपले नवे दादा, आणि या ताई.” सौ. माझ्याकडे बघून हसली. महाराष्ट्रातल्या सेवाभावी क्षेत्रात साठी उलटलेला पुरुष दादा असतो आणि त्याची धर्मपत्नी ताई. मंगलाष्टकं म्हणून जुळवलेलं नातं संस्थेच्या हजेरीपुस्तकात एका ओळीत भावंडांचं होतं.

वाडीने मात्र ही अडचण झटक्यात सोडवली. वाडीला दादा-ताईंचं काही नव्हतं, वाडी सरसकट सगळ्यांना ‘तू’ म्हणते. तहसीलदाराला तू, देवाला तू, मला तू. बँकेत चौतीस वर्षं ‘साहेब’ ऐकलेल्या माणसाला शेजारची म्हातारी पहिल्याच सकाळी म्हणाली, “काय र दादा, जेवलास का?” सकाळचे सात वाजले होते. मी तिला आदराने आजी म्हणू लागलो. पुढे तिच्या निराधार योजनेचा अर्ज भरताना आधार कार्ड हातात आलं, तर ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाली. अर्थात त्या कार्डावर किती विसंबायचं हा प्रश्नच आहे, कारण अर्ध्या वाडीचा वाढदिवस 1 जानेवारीला. नोंदवणाऱ्याने वर्ष अंदाजाने टाकलं आणि दिवस यंत्राने दिला. नववर्षाच्या शुभेच्छा इथे दुहेरी द्याव्यात, हे मी संस्थेच्या माहितीपुस्तिकेत सुचवलं आहे.

आम्हाला राहायला दिली ती खोली जुन्या पद्धतीची. वाडीत आता घरकुलाच्या विटांची, पत्र्याची घरं झाली आहेत. सेवेकऱ्यांना मात्र अस्सल हवं असतं अशी समजूत असल्यामुळे कारवीच्या कुडाचं घर आमच्यासाठी राखून ठेवलं होतं. कारवी म्हणजे सह्याद्रीच्या उतारावरचं ते झुडूप, जे सात-आठ वर्षांतून एकदा फुलतं आणि तेव्हा फोटो काढणाऱ्यांची झुंबड उडते. उरलेली वर्षं ती बिचारी भिंतींच्या कामाला येते. तिच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधतात, वरून शेणमाती लिंपतात. उन्हाळ्यात आत गारवा, बाहेरून दिसायला सुबक. पण माती वाळली की बारीक फटी पडतात. भिंतीला कान असतात असं आपल्याकडे म्हणतात. कारवीच्या कुडाला तोंडही असतं, आणि ते बाहेरच्या बाजूला.

इथे आमच्या संसाराबद्दल दोन शब्द सांगणं भाग आहे. तो उत्तम चालला होता आणि त्याचं श्रेय मध्य रेल्वेला. मी 8.14 ची पकडायचो, ती 9.02 ची. रात्री दोघंही दमलेले. रविवार बाजारहाट आणि लग्नकार्यांत जायचा. म्हणजे एवढ्या वर्षांत आमचं सलग संभाषण फारसं झालंच नव्हतं. आता एक खोली, एक कंदील, एक मच्छरदाणी, आणि कानाच्या टप्प्याबाहेर जायला जागा नाही. साठून राहिलेले सगळे विषय निघाले. काही तर 1991 चे होते.

वाडीत वीज आहे, पण ती पाहुण्यासारखी येते. मोबाइलला रेंज खालच्या आंब्यापाशी. अशा ठिकाणी रात्री नवाच्या सुमारास कुडापलीकडून एक मुंबईचा नवरा आणि एक मुंबईची बायको मच्छरदाणीचं कुठलं टोक कुठल्या खिळ्याला, यावर शुद्ध मराठीत वाद घालत आहेत, ही किती मोठी सोय! अंगणात बाजा पडायच्या. विडी पेटल्याचा वास यायचा. मधेच कोणी तरी बारक्या पोराला “गप, ऐकू दे” म्हणून दटावायचं. सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो की निकाल लागलेला असे. म्हातारी म्हणायची, “दादा, मच्छरदानीचं तिचंच बरोबर हाय. पण तुज्या भावाच्या लग्नात तिनं तसं बोलायला नको व्हतं.”

संस्थेला दर महिन्याला अहवाल जायचा. उपक्रमाचं नाव, उपस्थिती, फलनिष्पत्ती असे रकाने. माझ्या बचतवर्गाची उपस्थिती पाच, त्यातली दोन कुत्री. सौ.च्या आरोग्यवर्गाची अकरा. मच्छरदाणीची साधारण चाळीस, तीही कुठलाही अल्पोपाहार न देता. पण हा उपक्रम कुठल्या रकान्यात बसवायचा ते मला शेवटपर्यंत उमगलं नाही.

बचतवर्गाचं सांगतो. फळ्यावर चक्रवाढ व्याज काढून दाखवलं. इतके रुपये टाकले, इतकी वर्षं ठेवले, तर इतके होतात. म्हातारी शेवटी बसून ऐकत होती. ती म्हणाली, “मंग तुजा पैका इतका वाढला, तर तू आमच्याकडं कशाला र आलास?” मी म्हटलं, सेवा करायला. तिने मान हलवली, म्हणजे ज्याचं नक्की काय बिनसलंय ते कळत नाही अशा माणसाकडे बघून हलवतात तशी.

व्याज या लोकांना शिकवायला जाणं ही तशी हौसच. सवाई-दिढी त्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगलेली आहे. पावसाळ्याच्या तोंडाला सावकाराकडून भात उचलायचं आणि कापणीला सव्वापट नाही तर दीडपट मोजून द्यायचं. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी याच भागात धान्यकोठी काढली ती या सावकारीवर उपाय म्हणून. शाळाही काढल्या. मग बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता उभारून विजेचे मनोरे पाडले आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर हिराजी पाटलांसोबत हुतात्मा झाले. कोतवाल अवघे तिशीचे होते. वाडीत अजून त्यांचं नाव निघतं आणि तेव्हा कोणी हसत नाही. त्यानंतर इथे आलेले आम्ही सगळे पेन्शन चालू करून आलेले.

पतिपत्नींनी मिळून परमुलखात कामाला जाणं ही गोष्ट कोकणाला जुनीच. स्कॉटलंडचे जॉन विल्सन आणि मार्गारेट विल्सन 1829 साली आले, हर्णैला राहून मराठी शिकले आणि मग मुंबईला गेले. मार्गारेटबाईंनी मुलींच्या शाळा काढल्या. सहा वर्षांत त्या गेल्या. विल्सनसाहेब 1875 पर्यंत होते आणि त्यांच्या नावाचं कॉलेज चौपाटीसमोर अजून आहे. बाईंच्या नावाचं काय आहे असा प्रश्न सौ.ने कुडाआड विचारला, आणि त्या रात्रीचा विषय मिळाला. मराठीतलं सगळ्यांत प्रसिद्ध मिशनरी जोडपं अर्थातच नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई. नवरा 1895 साली ख्रिस्ती झाला, बायको पुढची काही वर्षं सोवळ्यात राहून शेवटी आपल्या पायांनी तिकडे गेली. ‘स्मृतिचित्रे’ वाचून लोक हसतात, रडतात, लक्ष्मीबाईंच्या साधेपणाची तारीफ करतात. मला आता त्यात दुसरीच गोष्ट दिसते. टिळकांच्या धर्मकार्याचा तपशील फार थोड्यांना सांगता येईल; त्यांच्या घरातली वादावादी मात्र अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. म्हणजे कूड त्यांच्याही घराला होता, फक्त तो छापील होता.

सौ.च्या आरोग्यवर्गाने जरा वेगळंच वळण घेतलं. हात धुण्याच्या सात पायऱ्या तिने करून दाखवल्या. एप्रिल महिना होता. वाडीची विहीर खाली, उतारावर. बाया डोक्यावर हंड्यावर हंडा घेऊन खडी चढण चढत होत्या. एक सून शांतपणे म्हणाली, “ताई, सात पायऱ्या आमी चढून आलो ना आताच. हातावर घालायला आनखी कोन आननार?” सौ.ने क्षणाचाही विलंब न लावता माझ्याकडे बोट दाखवलं. “दादा आणतील.”

मग दादा आणू लागले. पहिल्या दिवशी विहिरीवर गर्दी झाली. हंडा डोक्यावर घ्यायचा तर माझ्या डोक्याचा उतार प्रतिकूल, म्हणून मी कळशी खांद्यावर घेतली. पोरं मागून चालली. म्हातारीने दारातूनच जाहीर केलं, “दादा पानी भरतोय, या गो बघायला!” सौ.च्या वर्गाची उपस्थिती दुसऱ्या दिवशी दुप्पट झाली. बाया यायच्या, सात पायऱ्या करायच्या आणि जाताना नवऱ्यांकडे एक नजर टाकून जायच्या. आठवडाभरात वाडीतले तीन पुरुष माझ्याकडे शिष्टमंडळ घेऊन आले. टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. त्यातला मोठा म्हणाला, “दादा, तू चांगला मानूस हायस. पानी भर, आमचं काय नाय. पन राती भर ना.”

माझ्या मते संस्थेच्या इतिहासात फलनिष्पत्तीचा एवढा ठाम पुरावा दुसरा नाही. रात्री भरायला मी तयार नव्हतो, कारण विहिरीवर फुरसं निघतं. शेवटी तडजोड अशी झाली की पहाटे. पहाटे गेलो तर अंधारात दोन पुरुष आधीच विहिरीवर उभे, पाठीमागे हंडे लपवून. आम्ही एकमेकांना ओळखलं नाही असं ठरलं.

कुडाचा फायदाही असतो, हे न सांगणं अन्याय होईल. वळवाचे दोन तडाखे पडले की रानात शेवळं निघतात. जांभळट, सापाच्या फण्यासारखी, एकेक दांडा जमिनीतून सरळ वर आलेला. मुंबईच्या बाजारात जुडी आली की सीकेपी मंडळींच्या डोळ्यांत पाणी येतं. सौ.ला ती फुकट मिळाली, तीही टोपलीभर. तिने सोलून, चिरून फोडणीला टाकली मात्र, कुडापलीकडून आवाज आला, “ताई, काकडं टाकलीस का गो?” काकडं म्हणजे हिरवी, आवळ्याएवढी, आंबट फळं. ती शेवळांतच घालायची, नाहीतर घसा असा खाजतो की माणूस दिवसभर मांजरासारखा आवाज काढत हिंडतो. म्हातारीला नुसत्या वासावरून कळलं होतं. फटीतून तिने पाच-सहा काकडं आत सारली. आमची सेवा त्या फटीतून कधी बाहेर गेल्याचं मला आठवत नाही.

रविवार पाहुण्यांचा. मुंबईहून गाड्या यायच्या. अलीकडे कर्जत भागात फार्महाउसं इतकी झाली आहेत की शनिवारी संध्याकाळी चार फाट्याला उभं राहिलं तर अंधेरीत असल्यासारखं वाटतं. जाता जाता वाडीला काही द्यावं अशी चांगली इच्छा लोकांना होते. ते गाठोडी आणतात. मे महिन्यात स्वेटर, एक बूट, लग्नात घालून झालेली शेरवानी, आणि बिस्किटं, बिस्किटं, बिस्किटं. एकदा एका गृहस्थाने गाडी लावून देणाऱ्या, जीन्स घातलेल्या तरुणाला विचारलं, “भाऊ, इथे आदिवासी कुठे भेटतील?” तो बी.ए. झालेला ठाकूर तरुण. त्याने नम्रपणे विचारलं, “किती हवेत?”

गाठोड्यांतलं वाया काही जात नाही, हेही सांगतो. एक निळा, सोन्याच्या बटणांचा ब्लेझर आला होता. तो वर वरईच्या शेतात बुजगावण्याला चढवला. त्या वर्षी पाखरं आली नाहीत की नाही ते माहीत नाही, पण वनखात्याचा नवा गार्ड दुरून त्याला सलाम करून गेला, असं पोरं शपथेवर सांगतात.

होळीला मात्र सेवेकऱ्यांना सूट नसते. पोरी रस्त्यावर दोरी धरून उभ्या राहतात आणि येणाऱ्या प्रत्येक वाहनाकडून पोस्त मागतात. माझ्या बचतवर्गाला नियमित येणारी जी एकच मुलगी होती, तिनेच आमची टमटम अडवली आणि दहाची नोट परत करून वीसची मागितली. व्याजाचा धडा तिला समजला होता.

जूनमध्ये पाऊस धरला आणि वाडी आमच्या हातून गेली. राबाच्या जागी पेरलेलं भात हिरवंगार वर आलं, आवणी सुरू झाली, की उजाडल्यापासून माणूस खाचरात. पाठीवर इरली, पायाशी चिखल, कंबरेत वाकलेली रांग मागे मागे सरकते आहे. वर्ग बंद, आरोग्य बंद. शाळेत गुरुजी आणि मी असे दोघं, आणि गुरुजींची स्वतःची आवणी राहिली होती. संध्याकाळी लोक जेवून जे झोपत ते थेट कोंबड्याला उठत. कुडापलीकडे शुकशुकाट. त्या दिवसांत आम्ही दोघं भांडायला बसलो तरी दोन वाक्यांत विषय संपायचा. समोर कोणी नसताना 1991 साल किती वेळ काढणार?

आवणी उरकली तशी आमची मुदतही संपत आली. संस्थेने पुढचं जोडपं पाठवलं, आधी चार दिवस राहून बघायला. दोघंही निवृत्त इंजिनिअर, पुण्याचे, अत्यंत सज्जन. खोली त्यांना आवडली, कारवी आवडली, म्हातारी तर फारच आवडली. त्यांनी हेडफोन आणले होते. रात्री तो त्याचं ऐके, ती तिचं ऐके, आणि काही लागलं तर एकमेकांना मोबाइलवर टाइप करून दाखवत. चौथ्या दिवशी सकाळी संस्थेचा कार्यकर्ता विचारायला आला, नवे दादा-ताई कसे वाटले? अंगणात दहा-बारा माणसं बसली होती. कोणी काही बोलेना. शेवटी म्हातारीने विडीची राख झटकली.

“मानसं चांगली हायत,” ती म्हणाली. “पन त्यांचा आवाजच येत नाय. दुसरं बघ.”